ताप उतरल्यावर

अकरा मिनिटं चालतो, मग विझतो,
असं म्हणाला रोमुलो आपासा,
आणि आईच्या पट्ट्यापट्ट्यांच्या आग्वायोत गुंडाळलेला लॅपटॉप
माझ्या टेबलावर ठेवला,
तापाने फणफणलेलं लेकरू ठेवावं तसा.

मी कान लावला.
पंख्याला घरघर लागली होती.
घरघर म्हणजे अजून जीव आहे;
माझा भाव तिथेच ठरतो.

हे एल आल्तो. समुद्र इथून चार हजार मीटर खाली,
आणि तोही आमचा नाही.
पाहुण्याला चार पायऱ्यांत धाप लागते,
मशीनलाही लागते,
पण कंपनीच्या पुस्तकात तसं लिहिलेलं नसतं.
हवाच विरळ. पंखा फिरतो, फिरतो,
ओंजळभर यायची ती चिमूटभर येते.

दहा स्क्रूंपैकी आठच निघाले.
दोन माझ्याआधी कुणीतरी खाल्ले होते.
झाकण उचललं तर
जाळीच्या तोंडाशी लोकर.
धूळ नाही, लोकर:
जांभळी, हिरवी, अल्पाकाच्या अंगाची तपकिरी,
दाबून दाबून घोंगडी झालेली.
चिमट्याने ओढली, अखंड आली.
तान्ह्याच्या टोपीला पुरली असती.

"घरात कोण विणतं?"
"आई."
"कुठे बसून?"
"माझ्या शेजारी. रात्री मी अकाउंट्सचा अभ्यास करतो ना, तेव्हा."

पातं बोटाने ढकललं:
दोन फेऱ्या घेतल्या, तिसरीला रुसलं.
शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब.
चाललं.
गुरुवारपर्यंत चाललं.

शुक्रवारी रोमुलो पुन्हा दारात. सत्त्याण्णव अंश.
चिपवरची जुनी पेस्ट खरवडली, खपलीसारखी निघाली;
नवी लावली, तांदळाच्या दाण्याएवढी.
ब्याण्णव.
मग भंगारातला, परक्या जातीचा पंखा.
तारा तीनच, पण क्रम वेगळा,
लालच्या जागी काळी.
डाग दिला, बोट भाजलं,
शिवी आयमारात दिली, स्पॅनिश तेवढी झोंबत नाही.
चारच्या सुमाराला एक आवाज सुरू झाला
इतका बारीक
की तो थांबला असता तरच कळला असता.
एकसष्ट.

साठ बोलिव्हियानो सांगितले, पंचावन्न मिळाले.

मंगळवारी आई स्वतः आली.
दोन्या एर्मिनिया, टोपीच्या काठावर पहाटेचं दहिवर.
"योला तूच? माझ्या पोराचं यंत्र तूच गार केलंस?"
मी हसले. वाटलं, पाव आणला असेल.
तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले,
सुजलेले सांधे, भेगांत जांभळा रंग.
"आता बोटं ठेवावीत तर दगड.
रात्री आमच्याकडे भांड्यातलं पाणी गोठतं.
दहा ओळी विणायच्या, त्या जाळीपाशी बोटं धरायची,
पुन्हा दहा.
बंद पडलं की आम्ही दोघं हसायचो,
अकरा मिनिटांची शेगडी म्हणायचो."

बिघाड कसा शोधायचा ते मी शिकले आहे.
बिघाडावर हात कोण शेकतं,
हे विचारायचं मला कुणी शिकवलं नाही.

म्हटलं, "बाई, पंखा ऊब मारत नाही,
आतली बाहेर टाकतो, एवढंच.
आता ती सगळी डावीकडून येते. तुम्ही कुठे बसता?"
"उजवीकडे."
"मग डावीकडे बसा. लोकर तेवढी मांडीवर, टेबलाखाली."

तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं,
लोक अर्धी शिजलेली चुन्यो पाहतात तसं.
"डावीकडे खिडकी आहे. काच फुटकी."

मी जुन्या मॉनिटरचं खोकं ओढलं,
कात्री शोधली.
"माप?"
तिने दोन हात हवेत धरले.
हात थरथरत होते, माप थोडं मोठंच आलं.
मी तसंच कापलं.